पत्र्याखालचे एकतीस सेकंद

मी एक जुनी तापमापी आहे, मित्रांनो. दर्यापूरच्या एका कॉलेजात, प्रयोगशाळेच्या खिडकीजवळ खिळ्याला टांगलेली. पोटात पारा आहे, पण बोलायला तोंड नाही. हेच माझं दुखणं.

कारखान्यात माझी काच ओढली, भुशाच्या खोक्यात बसून मी अकोल्याला आले आणि तिथून एसटीनं इथं. तेव्हा उद्धव सर होते. प्रयोगाआधी ते मुलांना माझ्यासमोर उभं करत. "इले विचारल्याशिवाय घड्याळ चालू करायचं नाई," म्हणत. ऊब वाढली की कण जोरात पळतात, एकमेकांवर जास्त आदळतात, म्हणून क्रिया लवकर उरकते. अख्खा खडू आम्लात रेंगाळतो, त्याचीच पूड मात्र फसफसून संपते. द्रावण दाट असलं तर आणखी घाई. सगळं ते करून दाखवत आणि मला हातात घ्यायला पोरं भांडत.

सर निवृत्त झाले. मग माझ्यावर धूळ बसली ती बसलीच.

यंदा अकरावीची प्रात्यक्षिक परीक्षा एप्रिलात लागली. प्रयोगशाळेच्या पत्र्याच्या छपराखाली बेचाळीस अंश. प्रयोग नेहमीचाच. कागदावर फुली काढायची, तिच्यावर हायपो नावाच्या क्षाराच्या द्रावणाचं चंचुपात्र ठेवायचं, त्यात आम्ल ओतायचं. द्रावण गढूळ होऊन फुली दिसेनाशी होईपर्यंत सेकंद मोजायचे.

वर्षालीनं मोजले. एकतीस. पुन्हा मोजले. तीस. शेजारच्या किशोरनं काहीच मोजलं नाही, गाईडातले नव्वद उतरवून तो मोकळा झाला.

उद्धव सरांच्या जागी आलेल्या कुंदा मॅडमनी वही पाहिली. "सगळ्यांचे नव्वद आणि तुझेच एकतीस कसे गं?"

"दोनदा पायलं म्याडम. फुली खरंच तेवढ्यात गेली."

"अकोल्याची जीप पकडाची असंन तिले," किशोर पुटपुटला.

परिचर खुशालराव बाटल्या पुसत होते. "म्याडम, गाईडवाल्याच्या गावात इतकं ऊन नसंन. ताप पायता का जरा?"

"खुशालराव, तुम्ही बाटल्या पुसा. तीन वाजता तपासायला अकोल्याचे सर येतायत. आकडा वेगळा दिसला तर पोरीचेच गुण जातील."

मॅडम वाईट नव्हत्या. त्यांना पोरीचीच काळजी होती. पण गाईडातले नव्वद सेकंद पंचवीस अंशांचे होते, आणि मी चार हातांवर बेचाळीस दाखवत लटकत होते. किती जीव तोडून दाखवावं? पाऱ्याला हाक मारता येत नाही.

वर्षालीला पुढं रसायनशास्त्रच शिकायचं होतं. तिला गुण हवे होते. तिनं खोडरबर घेतलं. एकतीस घासले, नव्वद लिहिले. खाली 'तापमान' असा रकाना होता. तिथं तिनं, माझ्याकडे न बघता, पंचवीस लिहिलं.

तिला दहापैकी दहा मिळाले. वही बंद करताना ती हसली नाही. आपण बरोबर होतो, हे त्या लेकराला कुणी सांगितलंच नाही.

मित्रांनो, मला मखमलीत ठेवू नका. आई लेकराच्या कपाळाला हात लावते, तसं प्रयोगाआधी एकदा माझ्याकडे बघा. आणि तुमचं उत्तर पुस्तकाशी जुळलं नाही, तर खोडण्याआधी विचारा, पुस्तक लिहिलं तिथं ऊन किती होतं?