भक्तिगीतांच्या पाकिटातली तबकडी

मी एक जुनी तबकडी आहे, मित्रांनो. माझ्यात विजेच्या गिटारवरचा ब्लूज, म्हणजे दुःखाचे गाणे, आहे. शिकागोतल्या एका कोंदट खोलीत लूशियस टॉलिव्हरने तार ताणली आणि ती माणसासारखी कळवळली. ते कळवळणे माझ्या रेघांत उतरले.

लूशियस शनिवारी गुत्त्यात वाजवी आणि रविवारी चर्चमध्ये. बोटे तीच, गिटारही तीच. तरी रविवारची देवाची आणि शनिवारची सैतानाची म्हणे! हा कुठला न्याय?

त्याची बायको अर्नेस्टीन मोठी देवभोळी. मक्याचा पाव भाजताना ती मला आवडीने लावी. पण पाद्रीबाबा जेवायला येत, म्हणून तिने मला भक्तिगीतांच्या पाकिटात दडवले. चोरीचा माल होते का मी?

एके दिवशी लूशियस गेला. दफनानंतर चर्चच्या तळघरात जेवण होते. शेजारीण ओडेसाने भक्तिगीते समजून तेच पाकीट अर्नेस्टीनच्या घरून आणले आणि मला लावले. गिटार कळवळली. कोंबडीचे घास हातातच राहिले.

"अगं बाई, हे कुठलं भजन?" ओडेसा पुटपुटली.

चर्चचे कारभारी पेटवे धावत आले. त्यांनी सुई खसकन ओढली. माझ्या अंगावर चरा उमटला.

"देवाच्या घरात सैतानाचं वाजवणं? सिस्टर अर्नेस्टीन, लाज नाही वाटत?"

माझ्या तालावर घामाघूम होईतो नाचलेला हाच तो गृहस्थ! माझा संताप संताप झाला.

कधी आवाज न चढवणारी अर्नेस्टीन उभी राहिली. "वाटते ना, पेटवे. माझ्या माणसाचं वाजवणं लपवलं, त्याची वाटते. आणि आमच्या अंगणात डुकराच्या भाजलेल्या बरगड्या चापताना 'वहिनी, आणखी मोठ्यानं!' कोण ओरडायचं?"

"नाचताना पेटवेंची विजार उसवली, ती मी शिवली," ओडेसा म्हणाली. तळघर खदखदून हसले.

"आज माझा नवरा सगळ्यांना ऐकू आला पाहिजे," अर्नेस्टीन म्हणाली. "ठेव सुई. हलक्या हातानं."

पेटवेंनी वाकून सुई ठेवली. चऱ्यापाशी मी अडखळले, पण थांबले नाही. बाजू संपेपर्यंत कुणी ताटाला हात लावला नाही.

मित्रांनो, आम्हाला कडेने धरा, उन्हात टाकू नका, सुई ओढू नका. आणि वाजवणाऱ्याला तो जिवंत असतानाच चारचौघांत म्हणा, "तुझी तबकडी ऐकव." लूशियसला हे कुणी म्हटले नाही. माझा चरा मी विसरेन, हे नाही विसरणार.