झाकणांआडचा खंड्या

मी दुर्बीण बोलतेय. दूरचं जवळ आणून दाखवणं हे माझं काम. पण त्या सकाळी जवळचंच जे उघडं पडलं, त्याचा धक्का अजून ओसरलेला नाही.

एका बस ड्रायव्हरच्या बायकोनं मला दुकानातून आणलं, नवऱ्याच्या निवृत्तीची भेट म्हणून. ड्रायव्हरसाहेबांना आपल्या नजरेचा भारी तोरा. "सगळी नोकरी झाली, पण गाडीला ओरखडा नाही," हे ते मला पुसता पुसताही ऐकवायचे. दर रविवारी पहाटे आम्ही तिघं गाडीनं पूल ओलांडून नदीच्या मुखाशी जायचो. ते पक्षी ओळखायचे, बाई "कुठे हो, कुठे?" करायच्या. मला त्यांच्या हाती द्यायचं साहेबांच्या अगदी जिवावर यायचं.

या हिवाळ्यात साहेब चित्र स्पष्ट करायचं माझं चाक नुसतंच पुढेमागे फिरवत राहायचे. मला वाटलं, माझंच काहीतरी बिघडलं.

मग थंडी सरली. काठावरच्या झाडांना कोवळी पालवी फुटली. त्या सकाळी ओहोटीच्या चिखलात पक्ष्यांची नुसती झुंबड उडाली होती. साहेबांनी मला डोळ्यांना लावलं आणि मी हबकलेच. माझ्या भिंगांवरची झाकणं तशीच होती! आत मिट्ट काळोख. तरी साहेब खुशाल म्हणाले, "अगं, तो बघ खंड्या! ओंडक्यावर बसलाय, चोचीत मासा आहे."

खंड्याचा आवाज मीही ऐकला होता. पण मासा?

"मासा कुठाय हो?" म्हणत बाई वळल्या आणि त्यांना झाकणं दिसली. त्यांनी झाकणांवर बोट ठेवून विचारलं,

"कधीपासून दिसत नाही तुम्हाला?"

"दिसतं गं. कडेकडेचं दिसतं. मधलंच जरा पुसट झालंय."

"मग मघाशी पुलावरून गाडी कशी आणलीत?"

"रस्ता पाठ आहे मला."

पुलावर एक सायकलवाला जिवाच्या आकांतानं ओरडला होता, आणि साहेब म्हणाले होते, "लोकांना सकाळी सकाळी काय होतं कोण जाणे!" तो का ओरडला, ते मला आता कळलं.

"किल्ली द्या."

"गाडी गेली की हा किनारा गेला गं. म्हणून बोललो नाही."

"द्या म्हणते ना! बसनं येत जाऊ."

"आणि येऊन मी काय करू?"

"मी बघेन. तुम्ही ओळखा."

गाडी तिथेच सोडून परतताना बसमध्ये मी बाईंच्या गळ्यात होते. त्यांची छाती अजून धडधडत होती. प्रत्येक वळणावर साहेबांचा उजवा पाय जमिनीवर दाबला जायचा. "हा ब्रेक उशिरा मारतो," ते पुटपुटले. बाईंना हसू आलं नाही. त्यांनी साहेबांच्या गुडघ्यावर हात ठेवला, तो घर येईपर्यंत काढला नाही.

आता मी बाईंच्याच गळ्यात असते. "चोच लांब, टोकाला खाली वाकलेली," असं त्या सांगतात, आणि साहेब पक्ष्याचं नाव सांगतात.

माझं एवढंच मागणं आहे. मला डोळ्यांना लावण्याआधी शेजारच्याला विचारा, त्याला काय दिसतंय. आणि त्यानं "सगळं दिसतंय" म्हटलं, तरी एकदा माझी झाकणं तपासा.