गिळण्याचा नियम

टेबलावर सोळा पेले होते. आठ वैजयंताचे, आठ श्रेयाचे. प्रत्येकात मोजून पन्नास मिली बिअर. रंगावरून काही ताडता येऊ नये म्हणून पेले गडद निळ्या काचेचे. शेजारी पाण्याचे दोन तांबे, बिनमिठाची आठ बिस्किटं आणि गुण लिहायचे दोन कागद. दोघींचं वजन आत्ताच झालं होतं. श्रेया अठ्ठावन्न किलो, वैजयंता अठ्ठावन्न किलो दोनशे ग्रॅम. श्वास तपासायच्या यंत्रातही दोघी फुंकून झाल्या होत्या. शून्य आणि शून्य.

सकाळचे अकरा वाजले होते. चाचणीचा हा चौथा आणि शेवटचा दिवस होता.

चिकलठाण्याच्या या कारखान्यात वैजयंता बनकरला बावीस वर्षं झाली होती. टाकीतली बिअर बाटलीत जाण्याआधी ती चाखून पास-नापास ठरवणाऱ्या मंडळाची ती प्रमुख होती. नातेवाइकांत ती 'लॅबमध्ये आहे' एवढंच सांगायची. घरी तिने आजवर दारूच्या पेल्याला हात लावला नव्हता. कामाचा रिवाज ठरलेला होता. अकराला चाखायला बसायचं, पावणेबाराला उठायचं, तासभर थांबून यंत्रात फुंकायचं. आकडा, म्हणजे शंभर मिली रक्तातली दारू मिलिग्रॅममध्ये, तीसच्या आत आला तरच मशीनच्या विभागात पाऊल ठेवायचं. बावीस वर्षांत तिचा आकडा कधी पंचविसाच्या पुढे गेला नव्हता.

दिवाळीनंतर तो तीस ओलांडू लागला.

"मॅडम, एक बार और फुंको," फाटकावरचे शौकतभाई पहिल्यांदा म्हणाले होते. "इस मशीन का दिमाग फिर गया लगता."

मशीन बदललं, पण आकडा बदलला नाही. मग कँटीनमध्ये कुजबुज सुरू झाली. एकदा ती ताट घेऊन येत असताना खांबापलीकडून तिच्या कानावर आलं, "घरूनच लावून येत आसंल. फुकटाची सवय लई वाईट."

दुसऱ्या दिवशी गोकुळने तिला केबिनमध्ये बोलावलं. तो गुणवत्ता विभागाचा प्रमुख, तिच्यापेक्षा बारा वर्षांनी लहान आणि चाखायला तिच्याच हाताखाली शिकलेला.

"मॅडम, घरी काही टेन्शन वगैरे?"

"पिऊन येते का, असं सरळ विचार की."

गोकुळ पेनाच्या टोपणाशी चाळा करत राहिला. तेव्हा चाचणीचा मार्ग तिनेच सुचवला. चार दिवस मंडळातल्या तरुण श्रेयाला शेजारी बसवा. दोघींचं वजन सारखं, पेले सारखे, नाश्ताही सारखा. आधी फुंकायचं, नंतर फुंकायचं. सगळं साफ होईल. गोकुळने मान डोलावली आणि एक अट घातली. चारही दिवस तुमचा आकडा तीसच्या वर राहिला, तर मंडळाची खुर्ची श्रेयाकडे. वैजयंताने बिनदिक्कत सही केली.

पहिल्या दिवशी तिचा आकडा आला तेहेतीस, दुसऱ्या दिवशी पस्तीस. श्रेयाचा बावीस आणि तेवीस.

त्या संध्याकाळी ती डॉक्टरीणबाईंकडे गेली.

"पाळी थांबून किती दिवस झाले?"

"चौदा महिने."

"मग बरोबर आहे. या वयात वजन तेच राहिलं तरी शरीरातलं पाणी कमी होतं, चरबी वाढते. दारू पाण्यात विरघळते, चरबीत फारशी जात नाही. पाणी कमी पडलं की तेवढ्याच दारूचं रक्तातलं प्रमाण चढतं."

वैजयंताला हसू आलं. रसायनशास्त्राची पदवी होती, बावीस वर्षांची नोकरी होती, आणि इतकं सोपं द्रावण तिला स्वतःच्या बाबतीत सुटलं नव्हतं.

तिसऱ्या दिवशी चौतीस आले. ती तडक गोकुळकडे गेली. "पिऊन येत नाही, हे तर कळलं ना आता? रोज सकाळी शून्य येतंय. उद्यापासून मी चाखून थुंकते. जीभ तीच आहे माझी."

गोकुळने कपाटातून नियमांची फाईल काढली आणि एक पान तिच्यापुढे सरकवलं. 'बिअरचा कडवटपणा घशाशी कळतो. जो गिळत नाही, त्याचे गुण धरू नयेत.' खाली बारा वर्षांपूर्वीची तारीख आणि सही. सही तिचीच होती.

ते पान तिने गीताबाईंसाठी लिहिलं होतं. गीताबाई तेव्हा मंडळात सगळ्यात जुन्या, वय एक्कावन्न. त्या अर्धा घोट गिळून बाकीचा गुपचूप रुमालात सोडायच्या. वैजयंताने त्यांना चारचौघांत पकडलं होतं.

"अगं, मला आताशा चढते गं बाई," गीताबाई हळूच म्हणाल्या होत्या.

"मावशी, चाखायला येता का झोपायला?" वैजयंता म्हणाली होती, आणि सगळं मंडळ खदखदून हसलं होतं. त्यानंतर सात वर्षं, निवृत्त होईपर्यंत, मंडळाबाहेर काढलेल्या गीताबाई दिव्यासमोर उभ्या राहून रिकाम्या बाटल्यांतला कचरा शोधत होत्या.

"मॅडम, सुरू करूया?" श्रेयाने विचारलं.

वैजयंताने पहिला पेला उचलला. वास घेतला, घोट तोंडात फिरवला, गिळला, गुण लिहिले. दुसरा, तिसरा, चौथा. पाचव्याशी ती थबकली.

"हा नापास. लोण्याचा वास आहे. टाकी वेळेच्या दोन दिवस आधीच थंड केलेली दिसते."

श्रेयाने पुन्हा हुंगलं. तिने त्याच पेल्याला दहापैकी आठ दिले होते. "मला तर काहीच लागलं नाही हो, मॅडम."

समोर बसलेल्या गोकुळने उत्तरांचं बंद पाकीट फोडलं. पाचव्या पेल्यासमोर 'सदोष' लिहिलेलं होतं. "बरोबर," तो म्हणाला, आणि बाहेर निघून गेला.

तो नापास पेलाही वैजयंताने थेंब न ठेवता संपवला. मग सहावा, सातवा, आठवा. पावणेबाराला पेले उचलले गेले. कानाच्या पाळ्या तापल्या होत्या. ती खिडकीपाशी बसून घड्याळ बघत राहिली.

पावणेएक व्हायला आले, तशी श्रेया यंत्र घेऊन जवळ आली. दाराकडे बघत तिने आवाज खाली आणला.

"मॅडम, सर नाहीयेत. मी लिहू का अठ्ठावीस? खुर्ची नकोय मला, खरंच."

"गीताबाईंना मी एक घोटही सोडला नव्हता," वैजयंता म्हणाली. "तू मला कशाला सोडतेस? आण इकडं."

आधी श्रेयाने फुंकलं. मग वैजयंताने नळी ओठांत धरली आणि शिट्टी वाजेपर्यंत, छातीतली हवा संपेपर्यंत फुंकलं. श्रेयाने कागद पुढे केला. दोन्ही आकडे वैजयंतानेच लिहिले.

श्रेया, चोवीस. वैजयंता, छत्तीस.