खांबाजवळच्या साहेबांची मोटार

मित्रांनो, मी एक जुनी मोटार आहे. शेवाळी रंगाची, दोन दारांची, गोल डोळ्यांची. माझी तब्येत ठणठणीत आहे. फक्त एक गोष्ट मला काही केल्या उमगत नाही, म्हणून तुमच्याशी बोलते आहे. माझा लिलाव झाला, मला विकत घेतले गेले, लोकांनी टाळ्या वाजवल्या, आणि तरीही मी ज्या शेडमधून निघाले त्याच शेडमध्ये परत येऊन उभी आहे. आता मी विकली गेले असे म्हणायचे की नाही? तुम्ही शाळेत जाता, तुम्हाला बेरीज-वजाबाकी येते. तुम्हीच ऐका आणि काय ते ठरवा.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. तिथले फारसे आठवत नाही. आठवतो तो एक रंगारी. माझ्या दारांवर रंग मारून झाला की तो मागे सरकायचा, मान वाकडी करून बघायचा आणि म्हणायचा, बरी दिसतेस. तो प्रत्येकच गाडीला असे म्हणत होता हे मला नंतर कळले. तरी मी ते शब्द जपून ठेवले आहेत.

मला पहिल्यांदा घरी नेले ते दातांच्या एका डॉक्टरांनी. ते मला इतके हळू चालवत की सायकली पुढे निघून जात. मागून भोंगे वाजले तरी त्यांचे आपले एकच, ज्याला घाई आहे त्याने खुशाल जावे. त्यांना एक मुलगा आणि एक मुलगी. थोरला माझ्यात बसला की खिडकीबाहेर बघे. धाकटी मात्र माझ्याकडे बघे. पुढचा खण उघड, मिट, दिव्याचे बटण दाब, असे तिचे चाललेले असे. मोठी झाल्यावर ती माझ्यावरच मोटार चालवायला शिकली आणि पहिल्याच दिवशी तिने माझे डावे मडगार्ड फाटकावर घासले. बाबा आता काय म्हणतील म्हणून ती रडवेली झाली. डॉक्टरांनी ओरखड्यावरून अंगठा फिरवला आणि किडलेल्या दातापेक्षा हे कितीतरी बरे आहे, असे सांगून ते जेवायला निघून गेले.

माझा दुसरा गियर तेव्हापासूनच कुरकुरतो. डॉक्टर म्हणत, तो तिला विचारून टाकायचा. म्हणजे दांडा मध्ये आणून क्षणभर थांबायचे आणि मग अलगद ढकलायचा. धाकटीलाही त्यांनी तसेच शिकवले. अशी सवय लागलेली मोटार किती सुखात असते, हे मी तुम्हाला काय सांगू!

पुढे धाकटी लग्न होऊन दूरच्या शहरात गेली. डॉक्टर वारले. थोरल्याने घर आवरायला काढले आणि त्या सपाट्यात मलाही विकून टाकले. धाकटीला त्याने विचारले नाही. तिला कळले तेव्हा मी दुसऱ्याच्या दारात उभी होते.

तो दुसरा माणूस म्हणजे माझे आताचे मालक. ते जुन्या मोटारी घेतात, उजळतात आणि चांगला भाव आला की विकतात. त्यांनी मला नवा रंग दिला, नव्या गाद्या दिल्या, आणि अंगावर कापडी खोळ घालून शेडमध्ये उभे केले. पाहुणे आले की खोळ निघायची. पाहुणे वा वा म्हणायचे, खोळ परत चढायची. मला कोणी चालवले नाही. कौतुकाने माणसाचे पोट भरत असेल तर असो, माझे भरत नव्हते.

एके दिवशी सकाळीच खोळ निघाली. मालकांबरोबर त्यांचा मेहुणा, म्हणजे त्यांच्या बायकोचा भाऊ, आला होता. आज लिलाव आहे, असे मालक त्याला समजावत होते. त्यांनी लिलाववाल्यांना एक आकडा सांगून ठेवला होता. त्याच्या खाली बोली राहिली तर मला विकायचे नाही, असे ठरले होते. या आकड्याला ते राखीव किंमत म्हणत. ती गाठली की मेहुण्याने गिऱ्हाइकासारखे बसून हातातली नंबराची पाटी वर करत राहायचे, म्हणजे खरे गिऱ्हाईक आणखी चढेल. आणि मालकांनी डोक्यावरची टोपी काढली की मेहुण्याने हात खाली ठेवायचा. मेहुण्याने माझ्या टायरला बुटाचे टोक मारून पाहिले आणि म्हणाला, असला डबा फुकट दिला तरी ठेवायला माझ्याकडे जागा नाही. मला वाईट वाटले. ज्याला मी आवडत नाही तो माणूस माझ्यासाठी पाटी का वर करणार, हेही मला समजले नाही.

लिलावाच्या सभागृहात मला एका गोल फिरत्या चौथऱ्यावर चढवले. बोली सुरू होण्याआधी लोक जवळ येऊन बघत होते. त्यात चष्मा लावलेली, केस पांढरे व्हायला लागलेली एक बाई आली. तिने माझे दिवे पाहिले नाहीत की गाद्या पाहिल्या नाहीत. ती सरळ डाव्या मडगार्डाशी वाकली आणि नव्या रंगाखाली बोटाने काहीतरी शोधू लागली. ओरखड्याची जागा सापडताच तिचे बोट तिथेच थांबले. मित्रांनो, ती धाकटी होती. लिलावाच्या जाहिरातीत माझा फोटो बघून ती नवऱ्याला घेऊन आली होती. मला इतका आनंद झाला की बॅटरी काढून ठेवली नसती तर मी भोंगाच वाजवला असता.

लिलाव पुकारणारे काका हातात लाकडी हातोडी घेऊन उभे राहिले. त्यांनी पहिला आकडा सांगितला. धाकटीने लगेच पाटी वर केली. काका म्हणाले, मागे खांबाजवळचे साहेब त्याहून जास्त देत आहेत. चौथरा फिरत होता, त्यामुळे मला सगळीकडचे दिसत होते. मी खांबाकडे पाहिले. तिथे आग विझवायचे लाल नळकांडे टांगलेले होते. बाकी कोणी नव्हते. धाकटीने आकडा वाढवला. खांबाजवळच्या साहेबांनी पुन्हा वाढवला. पुढच्या फेरीला मी नीट पाहिले. नळकांडेच.

मी मोटार असून मला मन आहे, तर नळकांड्याला का नसावे? त्याला मी आवडले असेन, अशी मी स्वतःची समजूत घातली. पण मला घेऊन ते करणार काय?

थोड्या वेळाने आकडा राखीव किमतीला पोचला आणि साहेब एकदम गप्प झाले. मी सुटकेचा निःश्वास टाकते न टाकते तोच मेहुण्याची पाटी वर गेली. मग धाकटीची. मग परत मेहुण्याची. धाकटीचा नवरा तिच्या कानाशी म्हणाला, “अगं, ठरवलं होतं त्याच्या कधीच पुढे गेलो आपण.” ती म्हणाली, “एकदाच.” आणि तिने पाटी वर केली. तो आकडा ऐकताच मालक खूश झाले आणि त्यांनी टोपी काढली.

आता मेहुण्याने थांबायचे होते. पण मित्रांनो, मघापासून सगळे सभागृह त्याच्याकडे वळून बघत होते. शेजारच्याने त्याच्या पाठीवर थाप मारली होती. मोठ्या शौकिनाकडे बघावे तसे लोक बघत होते आणि गडी हरभऱ्याच्या झाडावर चढला होता. टोपी त्याला दिसली, हे मी शपथेवर सांगते. तरी त्याची पाटी वर गेली.

धाकटीने नवऱ्याकडे पाहिले. मग माझ्याकडे पाहिले. आणि पाटी उलटी करून मांडीवर ठेवली. काका म्हणाले, एकवार, दोनवार, तीनवार. हातोडी पडली. टाळ्या वाजल्या. मालकांचा चेहरा मात्र पार उतरला होता. चांगला भाव आला की मालक हसतात, अशी माझी आजवरची समजूत होती.

धाकटी उठून मेहुण्याकडे आली. तो माझ्याजवळच मालकांची नजर चुकवत उभा होता.

“मी अजून थोडं ताणलं असतं,” ती म्हणाली. “पण तुम्ही हट्टाला पेटलात. म्हटलं, माझ्याइतकाच हिच्यावर कोणाचा तरी जीव आहे. मग कशाला भांडायचं?”

मेहुण्याने मालकांकडे पाहिले. मालक भिंतीवरचा पंखा बघत होते.

“हो,” मेहुणा म्हणाला. “खूप जीव आहे.”

“दुसरा गियर कुरकुरतो हिचा. तिला विचारून टाका. बाबा तसंच करायचे.” तो मान हलवत राहिला. तिने माझ्या टपावर हात ठेवला, जरा वेळ ठेवला, आणि नवऱ्याबरोबर निघून गेली. तिला एका शब्दाने तरी थांबवावे असे मला फार वाटत होते.

आणि मग मला त्याच शेडमध्ये आणले.

शेडमध्ये मालकांनी मेहुण्याची बिनपाण्याने केली. मेहुणा म्हणाला, “दाजी, त्या बाईंना फोन करू. घेणारा मागे सरला म्हणू.” मालक म्हणाले, “तिने तुझं तोंड नीट बघितलंय. उद्या तू माझा मेहुणा आहेस हे कळलं तर या धंद्यात उभं कोण करेल मला?” मेहुणा पुटपुटला की सुरुवातीच्या बोल्या तर हातोडीवाल्या काकांनी निव्वळ हवेतूनच काढल्या, त्यांना कोण विचारतो? हवा मला ठाऊक आहे, ती माझ्या चाकांत असते. ती बोली लावते हे मला नवीन होते.

आता मला दुसऱ्या गावच्या लिलावात न्यायचे चालले आहे. माझ्या जाहिरातीत लिहिणार आहेत की मागच्या लिलावात ही मोटार विक्रमी भावाला गेली. मी गेले तरी कुठे? मी तर इथेच खोळीखाली आहे!

मित्रांनो, मी पुष्कळ डोके लढवले, पण हा हिशेब मला सुटत नाही. तुम्हाला सुटला तर उत्तम. माझे एवढेच मागणे आहे की, एखादी गोष्ट मनापासून हवी नसेल तर तिच्यासाठी हात वर करू नका. तुमच्या वर केलेल्या हाताकडे बघून दुसरे कोणीतरी आपला हात खाली घेते. आणि ती कधी भेटली, चष्मा लावणारी, दातांच्या डॉक्टरांची धाकटी, तर तिला सांगा की मला कोणी नेलेले नाही. ती समजते तसा माझ्यावर जीव लावणारा माणूस तिथे नव्हताच. एवढ्या मोठ्या भरलेल्या सभागृहात मी जिला हवी होते, अशी ती एकटीच होती.