मोजकी हत्यारं

त्या पत्राला उत्तर द्यायचं राहिलं आहे, हे बिल्लेकाकांना रोज सकाळी दाढी करताना आठवायचं. तोंडाला साबण, हातात वस्तरा. म्हणजे लगेच उठून लिहायला बसणं शक्य नाही, अशी सोयीची वेळ ती आठवण निवडून घ्यायची. तोंड पुसेपर्यंत चहा यायचा, मग पेपर यायचा आणि दिवस निघून जायचा.

पत्र धाकट्या भावाचं होतं. दोनच परिच्छेद. ते आता काकांना पाठ झालं होतं.

‘दादा, सुटलो एकदाचा. चौतीस वर्षं लोकांच्या घरचे पाण्याचे मीटर वाचले. आता स्वतःच्या घरात काहीतरी करून बघणार आहे. मागची खोली रिकामी केली. तिथं छोटंसं वर्कशॉप थाटतो.

सुरुवातीला कोणकोणती हत्यारं घेऊ, ते लिहून पाठव. फार नको, मोजकी. ज्यांच्यावाचून अडतं तेवढीच. फोनवर सांगू नकोस, यादी भिंतीला लावायची आहे. वरच्या फळीला हिचा हात पोचत नाही, तेव्हा पहिलं स्टूल हिचं.’

यात अवघड असं काय होतं? काकांनी एकतीस वर्षं तंत्रशाळेच्या हत्यारखान्यात काढली होती. भिंतीत एक खिडकी, खिडकीला फळी, फळीमागे काका. मुलांनी आपल्या नंबराचा पितळी बिल्ला द्यायचा आणि हत्यार न्यायचं. काका तो बिल्ला हत्याराच्या रिकाम्या खिळ्यावर अडकवून ठेवायचे. संध्याकाळी हत्यार परत, बिल्ला परत. त्यावरून ते बिल्लेकाका झाले, ते घरच्यांनासुद्धा. कुठल्या रंध्याचं पातं सैल आहे, कुठल्या करवतीचे दात घासायला झालेत, कुठल्या पेचकसाची मूठ मागच्या वर्षी तडकली, सगळं त्यांना तोंडपाठ.

फक्त त्यातलं एकही हत्यार त्यांनी कधी चालवलं नव्हतं. आधी वेळ मिळाला नाही, पुढे धीर झाला नाही. वर्कशॉपमधल्या मास्तरांसमोर हातात रंधा घ्यायचा आणि तो लाकडात रुतला म्हणजे? पोहता येत नसताना जन्मभर नदीकाठी दुसऱ्यांचे कपडे सांभाळत बसावं, तशी त्यांची गत होती.

आणि धाकटा मात्र भेटेल त्याला सांगत सुटायचा, ‘आमचा दादा म्हणजे वर्कशॉपचा मास्तर. त्याच्या हाताखालून किती कारागीर गेले!’ काका तेव्हा चष्मा पुसायला घ्यायचे. खोटं ते बोलले नव्हते; पण खरंही बोलले नव्हते.

यादी त्यांनी लिहिली नाही असं नाही. पहिली अठरा हत्यारांची झाली. पण रंधा लिहिला की धार लावायचा दगड आला. दगड आला की तेलाची डबी आली. पटाशी एका मापाची कशी लिहिणार? हातोडीबरोबर लाकडी मोगरी नको? दुसरी यादी एक्केचाळीसवर गेली, तिसरी चौसष्टवर. हत्यारखान्यातून अर्धवट संच कधी द्यायचा नाही, ही एकतीस वर्षांची शिस्त. ‘मोजकी’ या शब्दापाशी येऊन त्यांचं पेन अडायचं. कुठलं काढू? आणि मी कोण काढणारा?

“अहो, यादी मागितलीय, इस्टेट नाही,” बायको म्हणायची. “चार नावं खरडा नि द्या पाठवून.”

“चार नावं खरडून संसार होतो का?”

“झाला की आपला. तुम्ही कुठं यादी केली होती?”

काका हसायचे आणि कागद शब्दकोशात घालून ठेवायचे. हा महिना, पुढचा महिना करत अकरा महिने गेले.

अकराव्या महिन्यात धाकट्याच्या बायकोचा फोन आला. तिचा आवाज नेहमीसारखाच होता, त्यामुळे काय झालं ते काकांच्या लवकर ध्यानात आलं नाही.

“दादा, यांना अर्धांगाचा झटका आला होता. आता घरी आणलंय. उजवा हात गेला. पाय ओढत का होईना, चालतात. बोलणं थोडं अडखळतंय. तुम्ही घाबरू नका, पण येऊन जा.”

काका दुसऱ्याच दिवशी सकाळच्या गाडीने निघाले. शब्दकोशातल्या तिन्ही याद्या त्यांनी पिशवीत घातल्या, मग काढल्या, मग पुन्हा घातल्या.

धाकटा खुर्चीत बसला होता. उजवा हात मांडीवरच्या उशीवर ठेवलेला. कुणी दुसऱ्याने ठेवावा तसा. दादाला बघून त्याच्या तोंडाची डावी बाजू हसली.

“आलास? चल, खोली दाखवतो.”

“अरे, बस जरा.”

“बसूनच असतो दिवसभर.”

भिंतीला धरत धरत तो पुढे झाला. मागची खोली स्वच्छ होती, नको इतकी स्वच्छ. भिंतीला नवा चुना. खिडकी मोठी करून घेतलेली. तिच्याखाली जाड फळीचं भक्कम टेबल आणि बाजूला विजेचं बटण. समोरच्या भिंतीवर लाकडी खुंट्यांच्या तीन ओळी, दहा-दहाच्या. एकाही खुंटीवर काही नव्हतं.

“काहीच घेतलं नाहीस?” काकांनी विचारलं, आणि विचारताक्षणी त्यांना जीभ चावावीशी वाटली.

उत्तर धाकट्याच्या बायकोने दिलं. ती दारात उभी होती. “मी म्हटलं होतं, करवत नि हातोडी तरी आणा. तर म्हणे, दादाची यादी आल्याशिवाय एक खिळा आणायचा नाही. चुकीचं हत्यार घेतलं की हात चुकीचा बसतो म्हणे. रोज संध्याकाळी इथं येऊन खुर्ची टाकून बसायचे. खुंट्या मोजायचे.”

तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता. असता तर काकांना बरं वाटलं असतं.

ती चहा टाकायला आत गेली. काका टेबलाला टेकून उभे राहिले. पिशवीतल्या याद्यांना हात लावायची त्यांना हिंमत होईना.

“एक सांगायचंय तुला,” ते म्हणाले. “मी मास्तर नव्हतो रे कधी. खिडकीत बसायचो. हत्यारं द्यायचो नि परत घ्यायचो. मला साधी फळी कापता येत नाही. तू विचारलंस आणि... मला लाज वाटली. म्हणून राहिलं.”

“माहितीय.”

“काय माहितीय?”

“नोकरीची पहिली दोन वर्षं तुमच्याच गावात होतो,” धाकटा एकेक शब्द जिभेवर उचलून ठेवत म्हणाला, “तुझ्या शाळेचं मीटर माझ्याकडे होतं. तुझ्या खिडकीखालीच होतं ते. वाकून आकडा लिहायचो नि जायचो.”

“मग हाक नाही मारलीस?”

“पोरांची रांग असायची. तू मान कुठं वर करायचास!”

“मग लोकांना मास्तर म्हणून का सांगत फिरायचास?”

“त्यांना खिडकीचं काय कळतंय?” तो हसला, लाळ ओघळली ती त्याने डाव्या हाताने पुसली. “मला यादी तुझ्याकडूनच पाहिजे होती. मास्तर काय, त्यांच्या आवडीचं सांगतात. कुठलं हत्यार रोज मागतात आणि कुठलं धूळ खातं, ते खिडकीतल्यालाच ठाऊक.”

बाहेर कुणाचा तरी नळ सुरू होता. धाकटा सवयीने तो आवाज ऐकत राहिला.

“आता?” काका म्हणाले.

“आता काय! पाठव यादी.” त्याने डावा हात वर करून बोटं उघडझाप करून दाखवली. “याची पाठव. आणि दादा, या खेपेला जरा लवकर.”

परत आल्यावर काकांनी तिन्ही याद्या पुढ्यात घेतल्या आणि डाव्या हाताला जमणार नाही ते खोडू लागले. पण काय जमत नाही हे त्यांना तरी कुठं ठाऊक होतं? तासाभराने ते उठले, चपला घातल्या आणि तंत्रशाळेत गेले.

खिडकीत आता एक तरुण बाई बसत होती. काका तिला ओळखत नव्हते, तीही त्यांना. काका फळीपाशी उभे राहिले. या बाजूने ती फळी छातीला लागते, हे त्यांना इतक्या वर्षांत माहीत नव्हतं.

“बिल्ला?” ती म्हणाली.

“बिल्ला नाही. मी... इथं होतो आधी. मला एक छोटा व्हाइस पाहिजे, टेबलाला लावून लाकूड आवळायचा. करवत, कानस, रंधा, पटाशी, हातोडी, पेचकस, टोच्या. आठ दिवसांसाठी.”

“बाहेर देत नाही, काका.”

“बरोबर आहे,” काका म्हणाले. त्यांनीही हेच सांगितलं असतं. पण ते हलले नाहीत. जन्मात पहिल्यांदा ते खिडकीपाशी अडून उभे राहिले. भावाचं सगळं सांगितलं. बाईने ऐकून घेतलं आणि आत जाऊन एकेक हत्यार फळीवर आणून ठेवलं. रिकाम्या खिळ्यांखाली तिने खडूने लिहिलं, ‘जुने काका’.

घरी त्यांनी स्वयंपाकघरातल्या टेबलाला व्हाइस बसवला आणि टॉवेल घेऊन ते बायकोसमोर उभे राहिले.

“माझा उजवा हात कमरेला बांध.”

“आता हे काय नवीन खूळ?”

त्यांनी सांगितलं. तिने हात बांधला आणि गाठ चांगली घट्ट मारली.

पहिले दोन दिवस नुसता गोंधळ. व्हाइसचा दांडा फिरवावा तर लाकडाचा तुकडा खाली पडायचा. तुकडा धरावा तर दांडा कोण फिरवणार? बायको तुकडा धरायला पुढे आली की काका ओरडायचे, “नको! धाकट्याला कोण धरणार आहे?” तिसऱ्या दिवशी त्यांनी जबड्याखाली एक ठोकळा ठेवला आणि तुकडा त्याच्यावर टेकवला. दांडा फिरवला. तुकडा जागचा हलला नाही. काका कितीतरी वेळ त्याच्याकडे बघत राहिले. हे त्यांना कुणी शिकवलं नव्हतं.

रंध्याला दोन हात लागतात. खोडला. पटाशीला एक हात धरायला, एक ठोकायला. खोडली. पटाशी खोडताना मात्र त्यांचं पेन थांबलं. अकरा महिन्यांपूर्वी धाकट्याला ती चालवता आली असती. स्टुलाच्या पायांना खाचा घेता आल्या असत्या. शब्दकोशात पडलेल्या कागदाने त्या खाचा खाल्ल्या, हे कुठल्या भाषेत लिहायचं?

ते त्यांनी लिहिलं नाही. आठव्या दिवशी हत्यारं परत केली, खडूचं नाव आपल्या हाताने पुसलं आणि घरी येऊन एका दमात पत्र लिहिलं. डाव्या हाताने, अक्षर पहिलीतल्या पोरासारखं आलं.

‘चि. धाकट्यास,

हत्यारं सहा.

१. व्हाइस. हा आधी घे. हा तुझा दुसरा हात. जबड्याखाली ठोकळा ठेव, त्यावर लाकूड टेकव, मग आवळ.

२. बारीक दातांची, मुठीची करवत. घाई केली तर अडकते. मी केली.

३. अर्धगोल कानस. रंध्याचं काम हिच्यावर भागव. वेळ लागतो, पण होतं.

४. टोच्या. खिळ्याच्या जागी आधी याने भोक पाड. त्यात खिळा आपला आपण उभा राहतो, धरावा लागत नाही.

५. हलकी हातोडी. एका हाताचा एक फायदा आहे. बोटावर बसायची भीती नाही.

६. पेचकस, जाड मुठीचा. खाचांच्या जागी स्क्रू.

यापेक्षा जास्त घेऊ नकोस. खुंट्या उरतील, त्यांवर कपडे टांग. मी केलेलं स्टूल तीन पायांवर उभं राहतं, चौथा हवेत. तरी तुझी वहिनी त्यावर बसते आणि कुणाला हात लावू देत नाही. तुझं याहून चांगलं होईल.

उशीर झाला. त्याला माझ्याकडे उत्तर नाही.

दादा.’

बायकोने ते वाचलं, चष्मा काढला आणि पाकिटावर पत्ता स्वतः लिहिला. “हा तरी वाचता आला पाहिजे पोस्टमनला,” ती म्हणाली.

काका सकाळीच पोस्टात गेले. पेटीत टाकून भागलं असतं, पण त्यांना ते कुणाच्या तरी हातात द्यायचं होतं. खिडकीतल्या मुलीने पाकीट तोललं, तिकीट लावलं, शिक्का मारला.

“किती दिवसांत पोचेल?” काकांनी विचारलं.

“तीन दिवस.”

“तीनच?”

“तीनच लागतात, काका. कधी कधी दोन.”

मागे रांग होती. काका बाजूला झाले, आणि दाराबाहेरच्या पायऱ्यांचा कठडा धरून जरा वेळ तिथंच उभे राहिले.