इंजिनवरचं मशीन

नात अक्षता बारावी पास झाली त्या वर्षी, २०२३ साली, माझ्या मुलानं, बुद्धभूषणनं, बिबवेवाडीत गाड्या धुण्याचं सेंटर काढलं. प्रेशरचं मशीन घ्यायला मीही त्याच्याबरोबर गेलो. विजेवरचं मशीन कमी आवाजाचं होतं. पण ओल्या फरशीवर विजेची वायर, या विचारानंच तो घाबरला. त्याचा मामा पाण्याच्या मोटारीचा शॉक लागून गेला होता.

"अर्थिंग नीट करा, काही होत नाही," दुकानदार म्हणाला.

"तुम्हाला नाहीच होणार. पाण्यात मी उभा असणार," भूषण म्हणाला आणि त्यानं पेट्रोल इंजिनचं मशीन घेतलं.

इंजिन फार धडधडायचं. वरच्या मजल्यावरचे लोक भांडायला आले, तेव्हापासून तो शटर खाली ओढून गाड्या धुऊ लागला. आत धुरानं माझं डोकं गरगरायचं.

"शटर उघड रे, मला भीती वाटते."

"आबा, धूर काय शॉक देतो का?" तो हसायचा.

एका दुपारी मी डबा घेऊन गेलो. शटर बंद होतं आणि आत इंजिन चालू होतं. मी हाका मारल्या, पण ओ आली नाही. शटरला हात लावायचीही मला भीती वाटली. शेवटी शेजाऱ्यांनी ते उचललं.

माझा मुलगा बुद्धभूषण आठ डिसेंबर २०२३ रोजी त्या धुरानं गेला.