संध्याकाळचं दूध

दूधवाल्या बाईंच्या घरात दुधाला नाही म्हणायची कुणाची टाप नव्हती. डेअरी नवऱ्याची, पण घरातला पेला बाईंच्या हातचा. त्यामुळे नव्या सुनेला गुपचूप पेला मोरीत ओतताना पाहिलं, तेव्हा त्यांच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"माझ्या हातचं चालत नाही का तुला?"

खरं दुखणं जुनंच होतं. नवराही रोज संध्याकाळी दूध संपवलं की चपला घालून जो जायचा, तो अंधार पडल्यावरच उगवायचा. इतक्या वर्षांच्या संसारात संध्याकाळी बायकोजवळ बसला म्हणून नाही. आता सूनही तसलीच निघाली. आपण कुणालाच नकोशा आहोत, हे बाईंना आतून खात होतं.

सून कॉलेजात जीवशास्त्र शिकवायची; माहेर मच्छीमारांचं. ती रडवेली झाली. "ओतलं ते चुकलंच, आई. पण मला दूध पचत नाही."

"काहीतरीच! दूध कुणाला पचत नाही?"

"जगातल्या बऱ्याच मोठ्या माणसांना. तान्हेपणी पचतं, पुढे बहुतेकांचं ते बंद पडतं. जिथं हजारो वर्षं गुरं पाळली, तिथं ज्यांचं चालू राहिलं त्यांची पोरंबाळं जास्त तगली. म्हणून तुमच्यात पचवणारे पुष्कळ. आमचे पूर्वज माशांवर वाढले. यात ना तुमचा मोठेपणा, ना माझी नाटकं."

"तुमच्यात म्हणजे... आमच्यातल्या सगळ्यांनाच पचतं का गं?" कोपऱ्यातून सासऱ्यांनी हळूच विचारलं. त्यांचा पेला अजून भरलेला होता.

"नाही, बाबा. एकाच घरातही दोन्ही तऱ्हा असतात."

सासरे कानकोंडे झाले. बाईंनी त्यांच्याकडे पाहिलं, मग दारातल्या चपलांकडे.

"अहो, म्हणजे ते रोजचं फिरणं..."

"पोट गुरगुरायचं. तुझ्यासमोर लाज वाटायची," ते म्हणाले. "आणि तू इतक्या हौसेनं द्यायचीस, नाही कसं म्हणू?"

बाईंना हसावं की रडावं कळेना. इतकी वर्षं आपणच या माणसाला घराबाहेर काढत होतो! "डेअरीवाले म्हणे," असं पुटपुटत त्यांनी पेला काढून घेतला.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्यांनी सुनेला आणि नवऱ्याला कोरा चहा दिला. नवऱ्यानं कप रिकामा करून खाली ठेवला. बाईंची नजर सवयीनं चपलांकडे गेली.

"अगं, सरक जरा," म्हणत ते त्यांच्या शेजारी येऊन बसले.